व्हॉल्व्हचं मानपत्र

चांदूर बाजार गावात कोणी निवृत्त झालं, कोणाची साठी साजरी व्हायची असली, की लोक धर्मेंद्रला शोधत येत. मानपत्र लिहावं तर त्यानंच. ज्या मास्तरांना वर्गात डुलकी आवरत नसे, त्यांना त्यानं 'अखंड जागृत ज्ञानयोगी' करून टाकलं होतं, आणि ते ऐकताना मास्तरांचेच डोळे पाणावले होते. माणसाबद्दल काहीही कळू न देता पानभर लिहिण्याची विद्या फार थोड्यांना साधते.

अशा माणसाला अमरावतीच्या एका नव्या कंपनीनं लिहिण्याच्याच कामावर घेतलं, यात कंपनीची हुशारी दिसून येते. कंपनी बागायतदारांसाठी एआय एजंट बनवत होती. एजंट म्हणजे संगणकातला गडी; एकदा काम सोपवलं की स्वतः ठरवून करणारा. त्याच्या हाताशी टूल्स असतात. एक ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारं, एक मातीतली ओल मोजणारं, एक बागेची अवस्था सांगणारं. कोणतं टूल काय करतं, केव्हा वापरायचं आणि केव्हा हात लावायचा नाही, एवढं साध्या शब्दांत लिहून ठेवायचं. गडी ते वाचतो आणि कामाला लागतो.

धर्मेंद्रनं व्हॉल्व्हबद्दल लिहिलं, 'तहानलेल्या वसुंधरेला तृप्त करणारे अद्वितीय साधन.' बाग ताणावर आहे की नाही हे सांगणाऱ्या टूलला 'संयमाचे मोल जाणणारा मूक साक्षीदार' असा मान मिळाला. साहेबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. त्याची बायको रागिणी एवढंच म्हणाली, "पण हे करते काय, ते कुठं लिहिलं हाये?" धर्मेंद्रला तिची कीव आली. साहित्य सगळ्यांनाच कळतं असं नाही.

पहिला प्रयोग घरच्याच संत्र्याच्या बागेत ठरला. वडील, उत्तमराव, तयार नव्हते. पोराच्या शब्दाखातर राजी झाले. बाग तेव्हा आंबिया बहाराच्या, फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याच्या, ताणावर होती. म्हणजे झाडांचं पाणी मुद्दाम तोडायचं, पानं मलूल झाली तरी मन घट्ट करून बघत राहायचं. मग वेळ साधून पाणी दिलं की झाड फुलांनी लदबदून जातं. मधेच पाणी मिळालं तर नुसता पाला फुटतो आणि बहार हातचा जातो.

नेमकं तेव्हाच अकोल्याला धर्मेंद्रच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. बाग एजंटवर सोपवून सगळं घर तिकडं गेलं. धर्मेंद्रनं मांडवात व्याह्यांचं मानपत्रही वाचलं. इकडं गड्याला माती कोरडी दिसली. तहानलेली वसुंधरा समोर, तृप्त करणारं साधन हाताशी. मूक साक्षीदाराला काय विचारायचं असतं, हे त्याला उमगलं नाही. त्यानं सगळे व्हॉल्व्ह उघडले, आणि लग्नाची मंडळी परत येईपर्यंत रोज उघडत राहिला.

उत्तमराव बांधावरच थबकले. झाडांखाली चिखल झाला होता.

"काहून सोडलं रे पाणी यानं?"

"बाबा, ताणावर पाणी देत नाई, हे काय लिहा लागते? आपल्याकडं लहान पोट्ट्याले बी मालूम असते!"

"पोट्ट्याले मालूम असते, कारन मी त्याले सांगतलं. कान धरून सांगतलं. तुह्या मशीनले कोनं सांगतलं?"

धर्मेंद्र शरमला, अगदी मनापासून. त्याच दुपारी ओट्यावर बसून त्यानं जुनं सगळं पुसलं आणि लिहिलं, 'हे टूल ठिबकचा व्हॉल्व्ह उघडून झाडांना पाणी देते. आधी बागेची अवस्था तपासा. बाग ताणावर असेल तर माती कितीही कोरडी असली तरी वापरू नका. शंका आल्यास मालकाला विचारा.'

त्यानं ते वडिलांना वाचून दाखवलं.

"बेस लिहिलं," उत्तमराव म्हणाले. "लग्नाले जायच्या आंदी लिहाचं होतं, लेका."

फेब्रुवारीत शेजारच्या बागा पांढऱ्या फुलांनी घमघमल्या. यांच्या बागेत औषधालाही फूल नव्हतं. होता तो कोवळा, तजेलदार पाला. रस्त्यानं जाणारे परगावचे लोक मुद्दाम गाडी थांबवत, फोटो काढत.

"वा काकाजी, काय हिरवीगार बाग ठेवली! अशी बाग पाह्यलीच नाई कुठं!"

उत्तमराव हात जोडत. धर्मेंद्र मात्र तिथं थांबत नसे. अशी मानपत्रं कशी लिहितात, हे त्याला पक्कं माहीत होतं.