कपाटावरची कात्री

पगारावरून वाजलं आणि माझ्या धाकट्या भावाने रागाच्या भरात त्याच्या मालक शेठच्या लूमवर चढवलेला ताणा, कापडाचे सगळे उभे धागे, कात्रीने सपासप कापला. त्या दिवसापासून आमच्या घरातली कात्री कपाटावर गेली. ठेवणारी मीच. कोर्टाने त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या बॉण्डवर सोडलं, तेव्हा जामीन राहिले तीही मीच. अटी दोन होत्या. नुकसानभरपाई दर महिन्याला कोर्टात भरायची आणि शेठच्या कारखान्यात पाऊल टाकायचं नाही.

पण भिवंडीत मालकाचे पैसे फेडायची रीत एकच, पगारातून कापून घ्यायचे. भावाला दुसरीकडे धड काम मिळेना आणि शेठना धड कारागीर. दोघांनी परस्पर जमवून टाकलं. भाऊ पुन्हा त्याच लूमवर, भरपाई पगारातून वळती. मला सांगायची तसदी कुणी घेतली नाही! त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशनच्या मॅडमनी कोर्टाच्या पावत्या मागितल्या, तेव्हा हा बिनधास्त म्हणाला, "फिटतात ना पैसं, मॅडम. शेठकडंच कामाला हाय मी."

झालं! दोन्ही अटी मोडल्याची कबुली देऊन मोकळा. बॉण्ड रद्द झाला तर हा सरळ आत जाणार. त्याच दिवशी आमच्या शेलार गावाहून रिक्षा करून वकिलांकडे गेले आणि अटी बदलून मिळाव्यात म्हणून अर्ज टाकला.

तारखेला म्हातारे शेठ स्वतः आले. न्यायाधीश साहेबांनी त्यांना विचारलं, "याला परत कारखान्यात घेताय. पुन्हा राग आला तर?"

"साहेब, सुताची तुटलेली तार जोडायची तर कात्री लागतेच," शेठ म्हणाले. "रोज मीच ती त्याच्या हातात देतो."

साहेबांनी आधी भावाला चांगलंच खडसावलं. मग हुकूम दिला: काम तिथेच करायचं, भरपाई पगारातूनच कापायची, पण शेठनी ती दर महिन्याला कोर्टात जमा करायची. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं. सुटल्याचं होतं आणि थोडं लाजेचंही.

घरी येऊन मी स्टूल ओढलं, कात्री काढली आणि शिवणाच्या डब्यात ठेवली. भाऊ चहा पीत बघत होता.

"इतके दिवस बटण लावताना दातांनी दोरा तोडायचास," मी म्हटलं. "कात्री मागायचीस की."

"कुठं ठेवलीस ते म्हाईत होतं ना, ताय," तो म्हणाला. "म्हणून तर मागितली न्हाय."