ट्रॉलीला कुलूप नव्हतं

किस्से केळीच्या चिकासारखे असतात. कपड्यावर पडले की जात नाहीत. एक्स्पोर्टच्या धंद्यात आमच्या अंगावर इतके पडलेत की चहाला बसलो की तेच निघतात. आधी हसतो, मग दुसरा चहा सांगतो.

खकनार रोडला भास्करभाऊंचं केळी पेट्यांत भरायचं पॅकहाउस, मी तिथला सुपरवायझर. सारं जग एकच बाजार झालंय, असं त्या वर्षांत जो तो सांगायचा. भाऊंनी ते मनावर घेतलं आणि बुऱ्हाणपूरची केळी थंड कंटेनरमधून दुबईला धाडायचं ठरवलं. तिथल्या शेठनं पहिल्याच दिवशी बजावलं, तीन कंटेनर खराब निघाले की संबंध खतम.

*

पहिला कंटेनर ढाब्यावर फुटला. ड्रायव्हर कैलास जेवत होता, तेवढ्यात चोरांनी दार तोडून पेट्या पळवल्या. केळी हिरवीकच्च! चावून पाहिलं असणार, कारण थोड्या अंतरावर पेट्या रस्त्याच्या कडेला फेकलेल्या सापडल्या. उघड्या दारानं गारवा गेला आणि उरलेला मालही बाद झाला.

भाऊ म्हणाले, "चोरालाही आपला माल पसंत नाही, यार."

*

मग भारी कुलूप आणलं, जीपीएस लावलं. मी दिवसभर मोबाइलवर ठिपका बघायचो. ठिपका थांबला की भाऊंच्या हातातला घास थांबायचा. ठिपका बंदरात पोचला, आम्ही पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत बंदरातून फोन आला, केळी पिकून पिवळी निघाली. कुलूप जसंच्या तसं होतं. वाटेत कोणीतरी थंडीच्या मशीनचं डिझेल तेवढं काढून नेलं होतं.

*

तिसऱ्या वेळी भाऊंनी घरचा माणूस पाठवला, साडू दत्तू. त्यानं डिझेलच्या टाकीवरची नजर हलवली नाही. कैलास शपथेवर सांगतो, जेवलाही टाकीला टेकूनच.

पण बंदरावरच्या साहेबानं दाराचं सील तुटलेलं पाहिलं आणि गाडी परत फिरवली. सील खुद्द दत्तूनंच तोडलं होतं! ढाबेवाल्याला भाजीसाठी दोन फण्या द्यायला.

भाऊंनी कपाळावर हात मारला. दत्तूला मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना. "तो चहाचे पैसे घेईना, भाऊ. रिकाम्या हातानं कसा निघू?"

शेठनं संबंध तोडला. भाऊंनी पॅकहाउसचं शटर ओढलं. मला रडूच येत होतं.

*

परत आलेली केळी एव्हाना पिवळीधमक झाली होती. मंडीत त्या आठवड्यात कोणाच्याच केळीला कुत्रं विचारीना. सगळा माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून आम्ही ती लोधीपुऱ्याच्या चौकात उभी केली. फुकट न्या म्हणून दिवसभर ओरडलो. लोक बघायचे आणि पुढे जायचे. संध्याकाळी भाऊ थकले. कुलूप नाही, ताडपत्री नाही, ट्रॉली तशीच टाकून घरी निघाले.

"ज्याला चोरायचीत त्याला चोरू दे," म्हणाले.

सकाळी भाऊ, दत्तू आणि मी, तिघं गेलो. ट्रॉली शिगोशीग भरली होती. काल आमची केळी ट्रॉलीच्या बाजूच्या फळीच्या खाली होती, आता वर ढीग लागला होता. वरची आमची नव्हती.

भाऊंनी वरची एक फणी उचलून पाहिली. मग साडूला म्हणाले, "दत्तू, आता मात्र राखणीला बस."