कंडक्टरला विचारायचं होतं

"बाबा हो म्हणालेत. मी समोर बसून विचारलंय," मुलगा म्हणाला.

"भाजीवाल्याने विचारलं, आजोबा, दुसरं लग्न करता का, तेव्हाही हो म्हणून मान डोलावली होती. आणू का सवत घरात?"

"आई, चेष्टा नको. टेंपो सांगून ठेवलाय. मला तिकडे नोकरीवर हजर व्हायचंय."

"मग हो की हजर. आमचं काय ते हेच सांगतील. बोलायला लागले की."

"इतके दिवस तू हेच ऐकवतेस!"

सून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ज्यांच्यावरून भांडण चाललं होतं ते खिडकीपाशी बसले होते. जो बोलेल त्याच्याकडे बघत आणि प्रत्येकाला मान डोलावत.

या माणसाने घटकाभर तरी तोंड मिटावं म्हणून बायकोने एकेकाळी हात जोडले होते. बसचे कंडक्टर. तिकीट फाडताना कुणाची सोयरीक, कुणाचा गुडघा, सगळी चौकशी व्हायची. घरातही बोलणारे तेच आणि ठरवणारेही तेच. भिंतींना रंग कुठला, मुलाला शाळा कुठली, तिने फक्त "बरं" म्हणायचं.

वस्तीबाहेरच्या माळावर विद्यापीठाचं उपकेंद्र उभं राहिलं तेव्हा पहिली बस तिथवर यांनीच नेली. लोक कुरकुरत होते, माळ गेला आणि आपल्या हाती काय आलं? बस रिकामी धावायची, तरी हे एकेक थांबा खणखणीत पुकारायचे. डेपो, बाजार, दवाखाना, पाण्याची टाकी, शाळा, विद्यापीठ. मग उपकेंद्राने वस्तीसाठी दारं उघडली. बायकांसाठी शिवणाचा वर्ग निघाला, पोरांना अभ्यासिका मिळाली, आणि ज्यांचं बोलणं अडतं त्यांच्यासाठी उपचाराची खोली. तिथे शिकाऊ मुलं-मुली मॅडमच्या हाताखाली फुकट शिकवत. तोतरी पोरं घेऊन आया बसमध्ये चढल्या की कंडक्टर म्हणायचे, "उतरा, इथे पोराचा पोपट करून देतात!"

निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला. हात थोडा सुधारला, बोलणं गेलं. त्याच बसने बायको त्यांना त्याच खोलीत घेऊन गेली.

तिथल्या एका शिकाऊ मुलीच्या लक्षात आलं की सुटा शब्द त्यांना सापडत नाही, पण डेपोपासून सुरुवात करून दिली की थांबे ओळीने बाहेर पडतात. तिने त्यातूनच वाट काढली. पाणी हवं तर टाकीपर्यंत यायचं आणि थांबायचं. दुखत असेल तर दवाखान्याशी. घोटभर पाण्यासाठी बस डेपोतून सुटायची. बायको शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. सून "बाजार" ऐकताच पाणी, गोळी आणि चष्मा एकदमच आणून ठेवायची. तिच्याकडे वेळ नव्हता आणि मनात वाईटही नव्हतं.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना घेऊन मॅडमना गाठलं. "मुलाबरोबर जायचं की इथेच राहायचं, एवढं एकच त्यांच्याकडून काढून द्या. मग मी काही मागणार नाही."

मॅडमनी दोन चित्रं पुढे ठेवली, हे घर आणि ते घर. सावकाश, पुन्हा पुन्हा समजावलं. कंडक्टरांनी डावीकडच्या चित्रावर हात ठेवला. चित्रांची जागा बदलली तरी त्यांचा हात डावीकडेच.

त्यांना शेजारच्या खोलीत पाठवून मॅडमनी दार लोटून घेतलं. "थांबे त्यांच्या जिभेवर बसलेत. त्यावर पाणी मागता येतं. पण एवढा मोठा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतो का, हे आम्हालाही कळत नाही. याच्या पुढे जाईल असं मला वाटत नाही."

"म्हणजे कधीच नाही?"

"नाही."

"मी मुलाला अडवून धरलं हो. ते सांगतील म्हणून." एवढं बोलून ती उठली.

शेजारच्या खोलीत बोलणं गेलेल्यांची बैठक भरली होती. एक गवंडी कसलासा शब्द काढायला धडपडत होता. त्याच्या तोंडात कुणी शब्द घालत नव्हतं, कुणी घड्याळ बघत नव्हतं. शब्द आला नाही. गवंड्याने हात झटकले आणि कंडक्टरांना कोपराने ढोसलं, आता तुझी पाळी. कंडक्टर सुरू झाले. डेपो. बाजार. दवाखाना. दर थांब्याला गवंडी टेबलावर टिचकी मारी. टाकी गेली, शाळा गेली, बस विद्यापीठाला लागली. त्यांना काहीच नको होतं. सगळ्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. दारात उभ्या बायकोने तोंड फिरवलं, पण रडू काही थांबेना. हे बरे होणार म्हणून ती त्यांना इथे आणत होती. आता ते कारण उरलं नव्हतं. पण शेवटच्या थांब्यापर्यंत ऐकून घेणारी माणसं इथेच होती.

घरी खोक्यांना दोऱ्या बांधणं चाललं होतं. तिने नवऱ्याला खुर्चीत बसवलं, चपला काढल्या.

"आमच्या खाटा टेंपोत चढवू नका," ती म्हणाली. "आम्ही येत नाही."

मुलाच्या हातातली दोरी तशीच राहिली. "बाबांनी सांगितलं?"

"नाही. ते काही सांगणार नाहीत आता. मी ठरवलंय."