मिस्तरींची पाटी

केडगावातल्या आमच्या पंक्चरवाल्या मिस्तरींना हळू बोलता येत नाही. टायर पाण्यात दाबतानाही ते रस्त्यापलीकडच्या माणसाशी गप्पा मारत असतात.

मागच्या महिन्यात कुणा गिऱ्हाइकाने पंक्चरचे म्हणून दुसऱ्याचे लुबाडलेले पैसे फोनवरून त्यांच्या खात्यात टाकले. बँकेने फसवणुकीच्या संशयावरून खातंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुकानावर खडूने लिहिलेली पाटी लागली: ‘चोरीच्या संशयानं खातं बंद. रोख द्या.’

“काय वो मिस्तरी, कवापासून चोर झाला?” शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी विचारलं.

“कालपासून! बोला, पंक्चर काढू का तिजोरी फोडू?”

सगळे हसले. ज्याच्या खिशात रोख नव्हती, तो संध्याकाळी आठवणीने आणून देत होता. मी हे बघत होतो आणि आतून जळत होतो. कारण त्याच आठवड्यात, अगदी तशाच कारणाने, माझंही खातं बंद झालं होतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, शिकवण्या घेऊन ताठ मानेने जगणारा. बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं पंक्चर काढून झालं, तशी मी नोट पुढे केली. मिस्तरी भर रस्त्यात ओरडले, “सर, तुमी तर कायम फोनवरनं देता! तुमचं बी खातं बंद केलं का काय?”

“सरांचं कशाला करत्याल!” मावशी म्हणाल्या.

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं, तर मीही त्यांच्यासारखा हसून मोकळा झालो असतो.

“छे हो,” मी म्हणालो, इतकं हळू की मिस्तरींनी पुन्हा विचारलं, “काय म्हनला, सर?”