बुंदीचा हिशोब आणि माझं भाषण

पिंपरी पेंढारच्या त्या लग्नात मी तराजू घेऊन भटारखान्यात शिरलो, तेव्हा आचाऱ्याला वाटलं वजनमापं तपासणारा साहेब आला. त्याने झारा खाली ठेवला आणि विचारलं, "साहेब, चहा घेता?" मी चहा घेतला. (आलेला मान नाकारू नये.) मग खरं कारण सांगितलं, "एक वाटी बुंदी मोजायचीय."

लग्न माझ्या भाच्याचं होतं आणि मोजमाप माझ्या लेकीसाठी. वैशाली तेव्हा अकरावीत होती. नवव्या वर्षापासून तिला मधुमेह. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. वर्षभरापूर्वी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पंप लावून दिला होता. कमरेला अडकवायचं छोटं यंत्र, त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली. ताटात पुरी, भात, गोड किती आहे त्याचा हिशोब करायचा, आकडा पंपात घालायचा, बटण दाबायचं आणि लगेच जेवायला बसायचं. मोबाईल गावात नुकतेच आले होते. बायका आपसात म्हणायच्या, "गुरुजींच्या पोरीकडं लई भारी मोबाईल हाय, पण ती कुणाशी बोलतच न्हाई."

मी वारूळवाडीच्या शाळेत मुख्याध्यापक, विषय गणित. त्यामुळे ताटाचा हा हिशोब मी आपणहून अंगावर घेतला होता. वैशालीला तो माझ्यापेक्षा चांगला जमायचा, पण बापाने असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं.

"पाकात साखर किती घातली?" मी आचाऱ्याला विचारलं.

"पुरंल इतकी."

"तसं नाही. किलोभर बेसनाला किती?"

"गुरुजी, आमी बोट बुडवून बघतो. चिकाटलं की झालं."

मी वहीत 'बोट' असं लिहिलं आणि खोडलं. मग अंदाजाने बुंदी, चार पुऱ्या आणि मसालेभात यांची बेरीज केली आणि मांडवात येऊन वैशालीला आकडा सांगितला.

"आप्पा, पंगत बसली की दाबते," ती म्हणाली.

"अगं, अक्षता पडल्या, आता राहिलंय काय? दहा मिनिटांत पंगत. आचारी स्वतः माझ्याशी बोललाय."

(तो माझ्याशी फक्त बोटाबद्दल बोलला होता.)

माझ्या चेहऱ्यावरची खात्री बघून तिने बटण दाबलं, आणि त्याच क्षणी माईक खरखरला. "मंडळी, पुऱ्या तळून व्हत्याती तवर पाव्हण्यांचे सत्कार उरकून घेऊ."

टॉवेल, टोपी, नारळ. आधी दोन्हीकडचे मामा, मग सोसायटीचे चेअरमन, मग माजी चेअरमन, मग ज्यांना चेअरमन व्हायचं होतं ते. वीस-पंचवीस मिनिटं अशीच गेली. मला तेव्हाच उठून वैशालीचं ताट आणायला हवं होतं. मी उठलोही. पण तेवढ्यात माईकवरून आलं, "आता गुरुजींनी दोन शब्द बोलावेत, अशी इनंती करतो."

माईक हातात आला की माझं काय होतं ते आमच्या शाळेतल्या मुलांना विचारा. वधूवरांना आशीर्वाद देऊन मी थांबायला हवं होतं. पण समोर एवढी माणसं बसलेली आणि विषय माझ्या अभ्यासाचा. मी आहार आणि मधुमेह यावर सुरू झालो.

"बंधूभगिनींनो, इन्सुलिन घेतल्यावर जेवायला उशीर झाला तर काय होतं?" मी विचारलं. "रक्तातली साखर घसरते. घाम फुटतो. हात थरथरतात. बोलणं अडखळतं."

एवढ्यात वैशाली स्टेजवर चढून आली. घामाने चेहरा ओला, हात थरथरत होते. मला वाटलं, बापाला साथ द्यायला आली. माझा ऊर भरून आला. "ही बघा माझी लेक," म्हणत मी माईक तिच्यासमोर धरला.

"आप्पा... साखर... लो झालीय," ती माईकवर म्हणाली. "खायला... द्या."

मांडवात टाळ्या कडाडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "काय झ्याक काम करती राव पोरगी."

टाळ्या चालू असतानाच तिने माझी बाही धरली. हात गार पडला होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पाठोपाठ हेही आठवलं की ग्लुकोज आणि साखर तपासायचं यंत्र असलेली तिची पिशवी मी तराजूशेजारी भटारखान्यात ठेवून आलोय. तिची आई केव्हाच तिकडे धावली होती. मी मात्र नारळ काखेत घेऊन, स्टेजवरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून तसाच उभा. आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सुचेना.

शब्द सुचला तो नवरीला. पेठ गावची पोर, लग्न लागून तास झाला नव्हता. मुंडावळ्या मागे सारत ती सोफ्यावरून उठली, हातातली थंड्याची बाटली वैशालीच्या तोंडाला लावली आणि मला म्हणाली, "मामा, त्यांना बसू द्या. खुर्ची सोडा."

मी खुर्ची सोडली.

पिशवी आली. वैशालीने बोटाला टोचून साखर बघितली, बावन्न. मी घाबरून बुंदीचं ताटच उचलून आणलं. ती बाटली संपवत म्हणाली, "आता पंधरा मिनिटं थांबायचं, मग परत बघायचं. आता घाई नका करू." मी तिच्या पायाशी बसून राहिलो. एवढा लांब तास मी शाळेतही कधी घेतला नव्हता, आणि हा तर पाव तासच होता. पुन्हा टोचलं, अठ्ठ्याण्णव. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते टिपायला सत्काराचा टॉवेल उपयोगी पडला.

मग पंगत बसली. वैशाली पोटभर जेवली आणि हात धुता धुता म्हणाली, "आप्पा, इथून पुढं हिशोबही मीच करणार आणि बटणही ताट समोर आल्यावरच दाबणार." मी मान हलवली. तिने तेव्हापासून जो ताबा घेतला तो आजतागायत सोडलेला नाही, आणि तिची साखर माझ्या काळापेक्षा कितीतरी सरळ चालते.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गावचे दोघेजण घरी आले. आरोग्य शिबिरात तो मधुमेहाचा कार्यक्रम ठेवायचा म्हणाले. मी नवीन मुद्दे काढायला वही उघडली.

"तुमी नका तरास घेऊ, गुरुजी," त्यातला मोठा संकोचून म्हणाला. "पोरीला तेवढं पाठवा. भाषण कुणाच्या ध्यानात न्हाई, पण पोरीनं दोन वाक्यांत समदं समजावलं."