पटावरची विसावी

गणित मी बरं शिकवतो. हे मीच सांगतो, कारण आमच्या दोनशिक्षकी वस्तीशाळेत दुसरं सांगणार तरी कोण! त्यामुळे माझ्याकडे पहिली ते चौथी शिकून बीड जिल्ह्यातल्याच शिरूरच्या हायस्कुलात गेलेली एक मुलगी नववीची परीक्षा झाल्यावर शाळेच्या पायरीवर येऊन बसली, तेव्हा मला वाटलं, बीजगणित अडलं असेल.

"सर, मला फौजेत जायचंय," ती म्हणाली. "शिपाई न्हाई. अधिकारी."

त्यांच्या हायस्कुलात झेंडावंदनाला एक लष्करातल्या बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं की दहावीतल्या मुलींची परीक्षा आणि मुलाखत घेऊन सरकार निवड करतं, आणि निवडलेल्यांना दोन वर्षं ठेवून घेऊन अधिकाऱ्यांच्या परीक्षेसाठी तयार करतं. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं सरकारचं. संधी एकदाच, दहावीच्या वर्षात. मुलीचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की ते कोल्हापूरकडे निघत ते गुढीपाडव्याच्या आसपास परतत, आणि तोवर मुलगी चुलतीकडे राही. फुकट शिक्षण म्हणजे या घराला काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी तिला तयार करायला घेतलं. सकाळी ती तलावाच्या रस्त्याने पळायची आणि मी मोटारसायकलवर मागून ओरडत जायचो. संध्याकाळी गणित, इंग्रजी, वर्तमानपत्र. माझा स्वभाव तापट आहे. चूक झाली की मी खडू आपटतो. ती खडू उचलून माझ्या हातात द्यायची आणि तेच गणित पुन्हा मांडायची. दिवाळीपर्यंत माझे खडू आपटायचे थांबले, कारण आपटायला कारणच उरलं नाही.

मुलाखतीचा सराव मला जड गेला. मी स्वतः आयुष्यात एकच मुलाखत दिली आहे, तीही कापऱ्या आवाजात. तरी मी टेबलामागे साहेब होऊन बसायचो, ती दारावर टकटक करून आत यायची. अधिकारी का व्हायचंय, असं विचारलं की ती म्हणायची, "आमचा मुकादम सोता कोयता धरत न्हाई, नुसता सांगतो. मला तसं न्हाई करायचं. मी म्होरं ऱ्हाईन." मी चिडून म्हणालो, असली उत्तरं देऊ नकोस, देशसेवा म्हण. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पुन्हा तेच उत्तर. मग मी नाद सोडला, आणि मनातल्या मनात म्हटलं, पोरगी निवडली जाणार.

अर्ज भरायचा तो दिवस मला चांगला आठवतो. शाळा सुटल्यावर माझ्याच मोबाईलवर भरत होतो. ती शेजारी आधार कार्ड धरून बसली होती. नाव, पत्ता, शाळा सगळं नीट गेलं. जन्मतारीख टाकली आणि खाली लाल अक्षरं आली: वयाच्या अटीत बसत नाही. मी पुन्हा टाकली. पुन्हा लाल. सहा-सात महिने वय जास्त भरत होतं.

"काय झालं, सर?"

"सर्व्हर बंद आहे," मी म्हणालो. "उद्या बघू."

तिने विश्वास ठेवला. सर्व्हर बंद असतो हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत असतं.

खरी गोष्ट मला त्याच क्षणी कळली होती. आधारावरची तारीख शाळेच्या दाखल्यावरून आलेली, आणि दाखल्यावरची तारीख मी लिहिलेली. एक जून. आमच्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी एक जूनला घातला. पण ही मुलगी त्या पिढीची नाही. तिला दाखल करून घेतलं तेव्हा ती जेमतेम सव्वाचार वर्षांची होती. पहिलीला सहा पूर्ण लागतात, काठावर नको म्हणून मी एक जून टाकून कागदावर सात पूर्ण केले. माझ्या डोक्यात मात्र ती कायम लहानच राहिली, वर्गातली सगळ्यात बारकी. म्हणून वयाची अट मी वाचली आणि पुढे गेलो. ही तर चौदाची आहे, हिला वयाचं काय भ्या! मी लिहिलेली तारीख अट वाचताना मला आठवलीच नाही.

रात्र व्हायच्या आत मी तिच्या आईला फोन लावला. उसाच्या फडात होती, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. जन्म कधीचा, विचारलं. "माघातली हाय, सर. फडावरच्या पाचटाच्या कोपीतच झाली. तिथल्या नर्सबाईनं डोस देऊन कार्ड दिलतं. जावंकडं पेटीत बगा." मुलीच्या चुलतीने पत्र्याची पेटी उघडली. तळाशी कार्ड निघालं. त्यावर निळ्या शाईत जन्माची तारीख स्वच्छ लिहिलेली. शोधायला दहा मिनिटं लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून बीडला गेलो. शिक्षण विभागात एक कारकून माझ्या ओळखीचा. त्याने कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "व्हतंय की. दहावीची परीक्षा व्हायच्या आत तारीख दुरुस्त करता येती. पन चुकीची तारीख कावून लिवली, त्याचा खुलासा पायजे. तुमच्या सहीचा." मग आवाज खाली आणला. "दोन वर्सं ऱ्हायली ना तुमची? चौकशी लागली तर पेन्शन लटकंल. इचार करा, सर."

मी विचार केला. चार दिवस केला. अर्जाची मुदत जवळ येत होती आणि मी रोज संध्याकाळी त्या मुलीला सर्व्हर बंद असल्याचं सांगत होतो. ती म्हणायची, "मंग तवर गणित घिऊ." आणि मी गणित घ्यायचो. लाज वाटत नव्हती असं नाही. लाज वाटायची, आणि तरी मी खुलासा लिहीत नव्हतो.

पाचव्या दिवशी कागद घेतला. लिहिलं, की ऊसतोड मजुरांची लहान लेकरं फडात ट्रॅक्टरखाली, बैलगाडीखाली येतात. हंगामी वसतिगृहात फक्त शाळेत दाखल असलेल्या मुलांची सोय होते. सबब सदर बालिकेच्या सुरक्षिततेसाठी वय वाढवून प्रवेश दिला. वाचून पाहिलं. चांगलं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो, आणि यातलं एकही वाक्य खोटं नाही.

पण कारण ते नव्हतं. त्या जूनमध्ये शाळेचा पट एकोणीस भरला होता. वीसच्या आतल्या शाळा बंद होणार अशी जोरात चर्चा होती, आणि शाळा बंद म्हणजे मी अतिरिक्त, मग कुठे धारूरच्या डोंगरात नाहीतर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आई मुलीला बरोबर नेणार होती. तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मीच त्यांच्या घरी जाऊन दोन तास बसलो, वसतिगृहाचं सांगितलं, गोड बोललो आणि पोरगी पटावर घेतली. विसावी. तिची काळजी होती का? होती. पण पट वीस असता तर मी त्या घराची पायरी चढलो नसतो.

पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर हे सगळं लिहिलं आणि सही केली. हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनी प्रस्ताव जोडला, मी स्वतः बीडला नेऊन दिला. कारकुनाने खुलासा वाचला आणि माझ्याकडे न बघता शिक्का मारला.

आदेश आला. तारीख दुरुस्त झाली. अर्जाची मुदत संपून तीन दिवस झाले होते.

माझ्यावरच्या कारवाईचा कागद नंतर आला. एक पान. पुढे अशी चूक होऊ नये अशी समज देण्यात येत आहे. बस, एवढंच. याच्यासाठी मी चार दिवस घालवले.

मुलीला काय सांगायचं हे मी घोकून ठेवलं होतं. हापिसात फाईल अडकली, असं म्हटलं असतं तर तिने तेही मानलं असतं. ती सायकल लावून आत आली, नेहमीसारखी दारावर टकटक करून. अर्जाची मुदत गेली, एवढं सांगून मी खुलाशाची प्रत तिच्या हातात दिली आणि वाच म्हणालो. तिने उभ्यानेच वाचली. मला वाटलं रडेल, ओरडेल. ओरडावं असंच वाटत होतं.

"म्हंजी मी न्हाई आले असते तर शाळा बंद पडली असती?"

"बहुतेक."

"मंग बाकीची पोरं?"

"काही दुसऱ्या शाळेत गेली असती. काही उसात."

तिने कागदाची घडी घातली. "मंग बरंच झालं की, सर," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. तिथेच थांबलो असतो तर सुटलो असतो. पण मी सांगितलं, की सर्व्हर एकही दिवस बंद नव्हता. की मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, कार्डही त्याच दिवशी सापडलं होतं, आणि पुढचे चार दिवस मी नुसता बसून होतो. ते चार दिवस असते तर आदेश वेळेत आला असता.

ती सरळ माझ्याकडे बघत राहिली. खाली बघू नकोस, हे मुलाखतीच्या सरावात मीच तिला सांगत आलो होतो. आता मला खाली बघावं लागलं.

"चार दिवस कावून, सर?"

"भ्यालो."

तिने कागद टेबलावर ठेवला.

"तवाच मला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "मी आले असते की तुमच्यासंगं हापिसात."

एवढं बोलून ती बाहेर गेली. सायकलीचा स्टँड काढल्याचा आवाज आला. मी खुर्चीवरून उठलो, पण दारापर्यंत जाणं मला जमलं नाही.