खंडेनवमीचा हार

माझी मुलगी पुण्यात आर्किटेक्चर शिकते. बंद पडलेल्या इमारतींत शिरून फोटो काढायचा तिला आणि तिच्या मित्रांना नाद आहे. परवा सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमची चिकलठाण्याची कंपनी अजून उभी आहे ना? मला आतून बघायचीय."

"तिथं काय बघणार? पत्रे आणि कबुतरं."

"तेच तर बघायचंय."

नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण मी बावीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. शिवाय मलाही जायचं होतंच. कंपनी बंद पडून सात वर्षं झाली. मी आता वाळूजला जातो, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पण एखाद्या रविवारी काहीतरी काम काढून जालना रोड धरायचो आणि त्या फाटकासमोर गाडी हळू करायचो. थांबलो मात्र कधीच नाही.

फाटकावर सिल्लोडकडचे एक चाचा वॉचमन होते. मी तिथं तेवीस वर्षं फिटर होतो म्हटल्यावर त्यांनी कुलूप काढलं.

"क्या साब, कबाड में क्या देखने का? सब मशिनां तो बेच डाले." मग मुलीकडं बघून म्हणाले, "बेटी, नीचे देखके चलना. सांप है."

आत शिरलो. पत्रे जागोजाग उडालेले, त्यातून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडलेले. टाइम ऑफिसशेजारची हजेरीच्या कार्डांची फळी रिकामी. कँटीनच्या फळ्यावर बुधवारसमोर 'मटकी' एवढंच वाचता येत होतं. मुलगी हरखून गेली होती, मी मात्र वास शोधत होतो. प्रेस शॉपला तेलाचा, तापलेल्या पत्र्याचा एक वास असायचा, तो घरी शर्टाला यायचा आणि बायको नाक मुरडायची. आता नुसती कबुतरांची घाण. पण कोपऱ्यात फरशी अजून काळी होती, तिथं वाकलो तर थोडासा आला. मुलगी म्हणाली, "बाबा, काय करताय?" मी म्हणालो, "काही नाही, बूट बांधतोय."

आमच्या शॉपमध्ये अकरा प्रेस होत्या. पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात ठेवायचा, पायानं पायडल दाबायचं, वरून घाव. सगळ्या चालू असल्या की जमीन तळपायातून बोलायची. सात नंबरवर माझा मित्र होता. वैजापूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी दुरुस्तीचा फिटर, पण मशीन आजारी आहे हे माझ्याआधी त्याला कळायचं. "सातवी खोकतीय, भटजी, बघ जरा," म्हणायचा, आणि खरंच बेअरिंग गेलेलं असायचं. आमच्या घराण्यात भिक्षुकी होती. उस्मानपुऱ्यातल्या अर्ध्या घरांतली लग्नं माझ्या वडिलांनी लावली. मला संध्यासुद्धा धड येत नव्हती, तरी अख्ख्या शॉपसाठी मी भटजी.

त्याची बायको दोघांपुरत्या भाकरी द्यायची. "भावजी बारीक झालेत," असा निरोप असायचा. सहा वर्षं आम्ही एका स्कूटरवर आलो-गेलो. तो मागं बसून इतका बोलायचा की सेव्हन हिलचा चौक कधी मागं पडला कळायचं नाही. त्याच्यानंतर मी एकटाच यायचो. मागची सीट हलकी वाटायची, गाडी वाऱ्यानं बाजूला जायची. असा मित्र मला पुन्हा झाला नाही. मी होऊ दिला नाही असं म्हणणं जास्त बरोबर आहे.

मुलगी कॅमेरा घेऊन पुढं गेली होती. पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडं, खांबाला लागून, जमिनीतून चार गंजके बोल्ट वर आलेले. सात नंबरची जागा. ती त्या चार बोल्टांच्या मधोमध उकिडवी बसली आणि डावा हात पुढं करून उजेड अडवायला लागली.

"हात काढ! हात काढ तिथून!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की छतावरची सगळी कबुतरं उडाली.

ती गोंधळून उभी राहिली. "बाबा, इथं काहीच नाहीये."

मग मी तिथंच एका उलट्या ड्रमवर बसून तिला सांगितलं.

दरवर्षी खंडेनवमीला मशिनी धुऊन पुसून त्यांची पूजा व्हायची. धुताना प्रेससमोरची लोखंडी जाळी काढावी लागे. हात आत जाऊ नये म्हणून ती जाळी असते. पूजा झाली की ती परत बसवायची, हे काम माझं. त्या वर्षी सात नंबरला झेंडूचा हार बांधायला जागा सापडेना, म्हणून मित्रानं तो मशीनवरच्या, जाळी बसवायच्याच दोन बोल्टांना बांधला. दसरा होऊन कामावर आलो. मी पाना घेऊन गेलो तर त्यानं विचारलं, "भटजी, हार काढला तर चालंल ना? का काही दोष लागतो?"

मला ठाऊक नव्हतं. नाही ठाऊक म्हणायला हवं होतं. पण आजूबाजूला चारजण उभे होते आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, "वाळेपर्यंत हात लावू नका. पूजा मोडते."

असं कुठल्याही पोथीत नाही. मी तिथं उभ्या उभ्या रचलं. जाळी खांबाला टेकवून ठेवली. म्हटलं, दोन दिवसांनी बसवू.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. समोर रजिस्टर उघडं. "जाळी कुठं होती?" मी म्हणालो, "पूजेनंतर मी बसवली होती. नंतर काम भराभर व्हावं म्हणून त्यानं काढली असेल." सही केली, आणि चूक त्याच्या नावावर गेली. शॉपमधल्या चौघांना खरं माहीत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. तो बरा होऊन आला तो घरचं सामान न्यायलाच. मी त्या दिवशी मुद्दाम दुसरी पाळी घेतली.

मुलीनं कॅमेरा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "ते काका आता कुठं असतात?"

"वैजापूरला. मार्केट यार्डात एका आडतीवर काट्यावर बसतो म्हणे."

"म्हणजे तुम्हाला पत्ता माहीत होता."

 तिनं माझी समजूत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं वैजापूरला गेलो. आडतीवर कळलं की तो जेवायला घरी गेलाय. घर जवळच होतं. अंगणात त्याची बायको कांदे निवडत बसलेली, तो बाजेवर. केस पांढरे झालेले. मला बघून उठून बसला.

"आयला, भटजी! कुणाचा सत्यनारायण सांगायला आलास?"

मला हसताही येईना. त्याची बायको "भावजी, बसा, च्या ठेवते," म्हणत उठली आणि आत गेली. ती आत आहे तोवर उरकावं असं वाटलं, म्हणून उभ्यानंच बोललो. हार, मी रचलेला नियम, रजिस्टर, सही. तो सगळं ऐकत होता. डावा हात मांडीखाली घेतलेला.

"परत सांग," तो म्हणाला. "जाळी कुठं व्हती?"

"खांबाला टेकवलेली. धुतल्यापासून तिथंच होती."

"मी काढली नव्हती?"

"नाही."

"मला तसंच याद व्हतं," तो हळू बोलला. "हार बांधलेला डोळ्यांपुढं दिसायचा. पण दवाखान्यात साहेब म्हनला, तुझ्या भटजीनंच लिहून दिलंय. मग मी म्हनलं, भटजी कशाला खोटं बोलंल? आपलंच डोकं फिरलं असंल. मीच काढली असंल जाळी."

मी घाबरून आलो होतो ते त्याच्या रागाला. बावीस वर्षं तो मला मनात शिव्या देत असेल, असं मी धरून चाललो होतो, आणि त्यातही एक आधार होता. त्यानं माझ्या शब्दाखातर स्वतःची आठवण खोटी ठरवली असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"माफ कर," मी म्हणालो.

"थांब जरा. लई घाई हाय तुला." त्यानं आत हाक मारली. "अगं, च्या राहू दे. भाईर ये. ह्यो काय सांगतोय ते ऐक."

ती पदराला हात पुसत आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिच्यापुढं जास्त जड गेलं. सहा वर्षं मी तिच्या हातची भाकरी खाल्ली होती. मी संपवलं तेव्हा ती माझ्याकडं बघतच नव्हती, नवऱ्याकडं बघत होती.

"म्हंजी मी तुम्हाला पोरांपुढं सुद्धा बोल लावत आले, तुमच्याच हातानं..." ती म्हणाली आणि तिथंच राहिली. मग खाली बसली आणि कांदे निवडायला लागली. चांगले आणि सडके, दोन्ही एकाच ढिगात टाकत होती.

तो बाजेवरून उठला, तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि उजव्या हातानं तिच्या ढिगातले सडके वेगळे करायला लागला.  मी उभाच होतो. आता मला बस कुणी म्हटलं नाही, जा असंही नाही.

शेवटी मीच म्हणालो, "निघतो. पुन्हा येऊ का?"

त्यानं मान वर केली नाही. "ते आज नको विचारू," म्हणाला.